हिशोबपट्टीचे रकाने: टॅब की मोजून स्पेस?

पंचवटीतल्या एका अडत्यासाठी मी पायथनमध्ये हिशोबपट्टीचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. माल, वजन, भाव, हमाली, तोलाई. आकडे पहिल्या दिवसापासून बरोबर आले, पण रकाने असे वाकडेतिकडे की शेठ म्हणाले, "ही पट्टी शेतकऱ्याच्या हातात कशी देऊ?"

आधी टॅब वापरला होता. लिहायला सोपा, पण टॅब म्हणजे ठरावीक अंतर नव्हे. टर्मिनलवर, म्हणजे प्रोग्रॅमचा मजकूर दिसतो त्या खिडकीत, तो साधारणपणे आठाच्या पुढच्या पटीवर जाऊन थांबतो. एका अक्षराची जागा म्हणजे एक घर. नाव सात घरांचं असेल तर एकच घर सुटतं, आठ घरांचं झालं की पुरती आठ! ती एक ओळ रकानाभर पुढे जाते. एक्सेलमध्ये चिकटवायचं असेल तर मात्र टॅबच घ्या, तिथे तो नेमका रकाना बदलतो.

कागदासाठी रुंदी ठरवून स्पेस भरणं बरं. नाव डावीकडे, आकडे उजवीकडे टेकवायचे. ५८ मिलिमीटरच्या थर्मल प्रिंटरवर नेहमीच्या फॉन्टमध्ये ओळीला ३२ अक्षरं बसतात, ८० मिलिमीटरवर ४८. तेवढ्यातच वाटणी करायची.

इंग्रजी नावांना हे चोख चालतं, मराठीत घोळ होतो. 'कोथिंबीर'मध्ये डोळ्याला चार अक्षरं दिसतात, पायथन मोजतो आठ, कारण वेलांटी, अनुस्वार सगळं त्याला वेगळं. दहा घरांच्या रकान्यात तिच्या वाट्याला दोनच स्पेस येतात आणि भाव डावीकडे सरकतो. रुंदी मोजणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, आहेत, पण टर्मिनल आणि फॉन्ट त्यांचं ऐकतीलच असं नाही. मी शेवटी मालाचं नावच शेवटच्या रकान्यात टाकलं. आधी आकडे, मग माल; उजवीकडे काही नसल्यावर नाव कितीही लांबू दे. शेठना उलटं वाटलं, पण रकाने सरळ आले.

बऱ्याच स्वस्त प्रिंटरांत देवनागरी फॉन्टच नसतो. तिथे पट्टी चित्र म्हणून पाठवावी लागते आणि मोजणी पिक्सेलची होते.

ओळ मोडायचं काम पायथनचा 'प्रिंट' हा छापायचा आदेश स्वतःच करतो. एका ओळीत जोडून छापायचं तर त्याला 'एंड' (end) रिकामा द्या, शेवटी मात्र एक रिकामा प्रिंट हवाच. मी तो विसरलो आणि दोन शेतकऱ्यांचा माल एकाच ओळीत गेला. विंडोजवर सीएसव्हीत (स्वल्पविरामाने रकाने पाडलेली फाईल) दर ओळीनंतर रिकामी ओळ दिसत असेल तर फाईल उघडतानाच 'न्यूलाइन' (newline) रिकामी द्या.