चिनी औषधाच्या नावाखाली: बंद पाळीवर उकळलेले पैसे आणि लांबलेले निदान

बंद पडलेली मासिक पाळी चिनी वनौषधींनी हमखास सुरू करून देतो, असे सांगून सिंगापूरमधील एका केंद्राने माझ्याकडून साडेतीन हजार सिंगापूर डॉलर आगाऊ घेतले. पैसे गेलेच, पण त्याहून मोठे नुकसान वेगळे आहे. माझ्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत एक लहानशी गाठ होती आणि रक्ताच्या एका साध्या तपासणीत तिचा संशय यायला हवा होता. ती या साऱ्या काळात दुर्लक्षित राहिली. चिनी वैद्यकाविषयी माझ्या मनात कटुता नाही. त्या परंपरेत बंद पाळीचा किती बारकाईने विचार झाला आहे, हे मला नंतर एका नोंदणीकृत वैद्यबाईंकडून कळले आणि मला जे विकले गेले ते चिनी वैद्यकच नव्हते, हेही त्यांच्यामुळेच स्पष्ट झाले.

माझी पाळी विशीपासून नियमित होती. चौतिसाव्या वर्षी ती लांबू लागली आणि नंतर पूर्ण थांबली. घरी केलेली गर्भधारणेची चाचणी नकारात्मक आली. सिंगापूरमध्ये चिनी वैद्यक आडवाटेचे नाही. वसाहतींच्या तळमजल्यावर वनौषधींची दुकाने असतात, चिनी वैद्याला तिथे सर्रास ‘सिन्से’ म्हणतात आणि २००० सालच्या कायद्याने या वैद्यांना नोंदणी बंधनकारक आहे. या प्रतिष्ठेच्या आडोशाने हे केंद्र चालते. मॉलमधला गाळा, भिंतीवर सुयांच्या बिंदूंचे तक्ते आणि पांढरा कोट घातलेला, अस्खलित इंग्रजी बोलणारा ‘सिन्से’ असा एकूण थाट होता. मी मूळची सोलापूरची आहे हे कळताच त्याने डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव काढले. १९३८ साली चीनला गेलेले आणि १९४२ साली तिथेच वारलेले कोटणीस आमच्या गावचे. परमुलखात आपल्या गावच्या माणसाचे नाव कोणी आदराने घेतले की माणूस सैलावतो. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांचे नाव गिऱ्हाईक गळाला लावण्यासाठी वापरले गेले, याची चीड मला पैशांपेक्षा अधिक आहे.

त्याने जीभ पाहिली, मनगटावर क्षणभर बोटे टेकवली आणि संगणकाला जोडलेली धातूची एक कांडी माझ्या हातात दिली. काही मिनिटांत यंत्राने प्रत्येक अवयवापुढे लाल-हिरव्या पट्ट्या असलेला अहवाल छापला. गर्भाशय ‘गार पडले’ आहे आणि रक्त ‘साकळले’ आहे, असे निदान त्याने सांगितले. त्यावर सुया, पोटाला शेक आणि गोळ्या असे पॅकेज होते आणि त्याच दिवशी सगळे पैसे भरले तर सवलत होती. गोळ्यांच्या पांढऱ्या डब्यावर नाव नव्हते, घटकांची यादी नव्हती, उत्पादकही नव्हता. तीन महिन्यांत पाळी आली नाही तर पैसे परत देऊ, हे आश्वासन तोंडी मिळाले. पावतीवर मात्र ‘वेलनेस सेवा, परतावा नाही’ एवढेच छापलेले होते. मला आधी बाळंतपण किंवा गर्भपात झाला आहे का, मी कोणती औषधे घेते, वजन घटले आहे का, झोप कशी आहे, डोके दुखते का, यातले काहीही विचारले गेले नाही.

या न विचारलेल्या प्रश्नांचे महत्त्व कळण्यासाठी खरे चिनी वैद्यक बंद पाळीकडे कसे पाहते, ते थोडे सांगायला हवे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या ग्रंथात स्त्रीचे आयुष्य सात-सात वर्षांच्या टप्प्यांत मांडले आहे. चौदाव्या वर्षी ‘त्यानग्वेई’ हे जननाला कारण होणारे द्रव्य परिपक्व होते, रेन ही शरीरातली एक शक्तिवाहिनी मोकळी होते, चोंग ही दुसरी भरते आणि पाळी सुरू होते. एकोणपन्नासाव्या वर्षी ते द्रव्य सरते. याचे मूळ मूत्रपिंडात आहे असे ते मानतात, पण तिथे मूत्रपिंड म्हणजे केवळ तो अवयव नव्हे, तर वाढ आणि प्रजननाची साठवलेली शक्ती. सतराव्या शतकातील फू शान या वैद्याच्या नावावर असलेल्या स्त्रीरोगावरील ग्रंथातही पाळीचा उगम मूत्रपिंडातच सांगितला आहे. याशिवाय यकृताने रक्त साठवायचे आणि त्याचा ओघ सुरळीत ठेवायचा, प्लीहेने अन्नातून रक्त घडवायचे, आणि मनावरची चिंता हृदयाची शक्ती खाली गर्भाशयापर्यंत पोहोचू देत नाही, असा हा सारा विचार आहे.

यातून बंद पाळीचे दोन मोठे गट पडतात. एका गटात रक्त मुळात आटलेले असते. मोठा रक्तस्राव, दीर्घ आजार, अपुरे अन्न किंवा मूत्रपिंडाची क्षीणता ही त्याची कारणे. दुसऱ्या गटात रक्त असते, पण वाट अडलेली असते. कधी थंडीने, कधी दाबून ठेवलेल्या मनस्तापाने, तर कधी अंगात साठलेल्या कफाने. आटलेपणात नाडी बारीक आणि जीभ फिकट, अडथळ्यात नाडी ताणलेली आणि जीभ जांभळट किंवा ठिपक्यांची, अशा खुणा वैद्य शोधतो. हा भेद या विषयाचा कणा आहे. झांग जिंगयुए (१५६३–१६४०) यांनी फार कळकळीने बजावले आहे की रक्त आटलेल्या स्त्रीला रक्त फोडून वाहवणारी औषधे देऊ नयेत. तिचे पोषण करावे, रक्त भरले की पाळी आपोआप येते. म्हणून पोषणासाठी दांग्वी, शिजवलेले दीहुआंग, पांढरे शाओयाओ आणि चुआनशिओंग या चार द्रव्यांचा ‘सिवू तांग’ हा काढा आधाराला घेतात, थंडीने अडले असेल तर ‘वेनजिंग तांग’ हा ऊब देणारा काढा देतात आणि साकळलेल्या रक्तासाठी पीचच्या बियांतला गर व करडईची वाळलेली फुले वापरतात. नेइजिंगमध्ये रक्त आटण्यावर दिलेल्या गोळीत चार भाग समुद्रफेन आणि एक भाग मंजिष्ठा आहे असे जेव्हा मला वैद्यबाईंनी सांगितले, तेव्हा आपल्या गावच्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी ही नावे ऐकून फार नवल वाटले.

वाहवणाऱ्या या औषधांविषयी आणखी एक जुना दंडक आहे: पाळी थांबलेल्या स्त्रीला ती देण्यापूर्वी गर्भ नाही याची खात्री करायची, कारण गर्भारपणात ती वर्ज्य आहेत. माझी घरची चाचणी जुनी झालेली असूनही त्या केंद्रात मला याबद्दल कोणी विचारले नाही. प्रत्येक भेटीत नाडी आणि जीभ पाहून काढा बदलायचा, हीदेखील रीत आहे. मला मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत त्याच डब्यातल्या त्याच गोळ्या दिल्या, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीलाही तोच पांढरा डबा दिलेला मी पाहिला. ती तर तीव्र व्यायामाने वजन उतरवून पाळी बंद झालेली विद्यार्थिनी होती. अशा मुलीला मुळात पुरेसे खायला लावावे लागते.

पुढे माझी डोकेदुखी वाढली आणि एके दिवशी अंगावर पाजत नसतानाही छातीतून दुधासारखा स्राव आला. मी घाबरून विचारले तेव्हा त्या माणसाने हसून सांगितले, की शरीरातले विष बाहेर पडू लागले आहे, म्हणजे उपचार लागू पडत आहेत, आता थांबलात तर सारे वाया जाईल. आणि त्याच श्वासात त्याने पुढच्या पॅकेजचा कागद माझ्यापुढे सरकवला. या फसवणुकीतली सर्वांत घातक कला हीच आहे. बरे वाटले तर औषधाचा गुण आणि बिघडले तरी औषधाचाच गुण, अशी मांडणी एकदा मान्य करवून घेतली की आजाराने दिलेली कोणतीही सूचना रुग्णाला ऐकू येत नाही.

त्यानंतर मी दुसरे मत घेण्यासाठी एका नोंदणीकृत वैद्यबाईंकडे गेले. त्यांनी बराच वेळ केवळ प्रश्न विचारले, दोन्ही मनगटांवरची नाडी शांतपणे पाहिली, आणि डोकेदुखी, दूध व बंद पाळी हे तिन्ही एकत्र ऐकताच वहीतून मान वर करून म्हणाल्या, “मी आज तुम्हाला काढा देणार नाही. आधी इस्पितळात जाऊन प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या संप्रेरकाची तपासणी करून घ्या. अहवाल आल्यावर हवे तर माझ्याकडे या.” त्यांनी तपासणीचे अगदी माफक पैसे घेतले आणि पत्र लिहून दिले.

इस्पितळात प्रोलॅक्टिनचे प्रमाण खूप वाढलेले निघाले आणि एमआरआयमध्ये पिट्युटरीत दहा मिलिमीटरपेक्षा लहान गाठ दिसली. ही गाठ कर्करोगाची नसते. ती प्रोलॅक्टिन अधिक तयार करते, त्यामुळे मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेश दबतात, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते आणि पाळी थांबते. बहुतेक रुग्णांत कॅबरगोलिनच्या आठवड्यातून एक-दोन वेळा घ्यायच्या गोळ्यांनी प्रोलॅक्टिन खाली येते. माझेही आले आणि पाळी परतली. मात्र इस्ट्रोजेन दीर्घकाळ कमी राहिले की हाडांची घनता घटते, आणि माझ्या मणक्यात ती थोडी घटलेली सापडली. नियमित पाळी तीन महिने किंवा आधीपासून अनियमित असलेली पाळी सहा महिने आली नाही, तर गर्भधारणा, प्रोलॅक्टिन, थायरॉइड आणि एफएसएच (अंडाशयाला चालना देणारे संप्रेरक) या तपासण्या आधी करतात, हे मला डॉक्टरांनी सांगितले. चाळिशीच्या आत अंडाशय थकल्यास तेही यात कळते, आणि त्यात वेळ दवडणे फार महागात पडते.

नाव नसलेल्या गोळ्यांबद्दलही डॉक्टरांनी बजावले. त्यांत गुपचूप संप्रेरक मिसळलेले असेल तर गोळ्या थांबवताच रक्तस्राव होऊ शकतो; रुग्णाला पाळी सुरू झाल्यासारखे वाटते आणि मूळ कारण तसेच राहते. सिंगापूरच्या आरोग्यविज्ञान प्राधिकरणाला अशा बेनामी उत्पादनांत स्टेरॉइड वारंवार सापडले आहेत. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती आली आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे खराब झाली. उत्तम शिकलेला वैद्यही औषध कुठून आले हे सांगू शकत नसेल तर ते पोटात घालू नये.

खात्रीची भाषा करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. चीनमधील २१ केंद्रांत, पीसीओएस हा पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार असलेल्या १,००० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अ‍ॅक्युपंक्चरमुळे, एकट्याने किंवा क्लोमिफीन या बीजनिर्मितीला चालना देणाऱ्या औषधाच्या जोडीने, अपत्यजन्माचे प्रमाण वाढले नाही. हे निष्कर्ष चिनी संशोधकांनीच जगापुढे ठेवले. त्यांच्या प्रामाणिकपणाचा मला आदर वाटतो आणि ‘शंभर टक्के हमी’ लिहिलेल्या फलकाचा तितकाच संताप येतो.

पैशांसाठी मी सिंगापूरच्या लघुदावा न्यायाधिकरणात अर्ज केला आहे. तिथे वीस हजार डॉलरपर्यंतचा दावा दोन वर्षांच्या आत लावता येतो आणि वकील लागत नाही. पावती, संदेश, जाहिरातीचे छायाचित्र आणि गोळ्यांचा उरलेला डबा मी जपून ठेवला आहे. त्या माणसाचे नाव चिनी वैद्यांच्या नोंदणी मंडळाच्या सार्वजनिक सूचीत मला सापडले नाही. ही सूची कोणालाही घरबसल्या पाहता येते. मंडळाकडे आणि प्राधिकरणाकडेही मी लेखी तक्रार दिली आहे.

मराठीत हे लिहिण्याची निकड वेगळीच आहे. गेल्या काही आठवड्यांत मराठी स्त्रियांच्या व्हॉट्सॲप गटांत याच केंद्राचा मजकूर मराठीतून फिरू लागला आहे: जिभेचे छायाचित्र पाठवा, निदान मोफत, पाळीच्या गोळ्या कुरिअरने पुण्या-मुंबईला घरपोच. नाडीला हात न लावता, काही न विचारता, जिभेच्या छायाचित्रावरून औषध. त्यात ओळखीच्या स्त्रियांच्या नावाने खोटे अनुभवही जोडले आहेत, आणि त्यांपैकी एक माझ्या नावावर आहे. तो मी लिहिलेला नाही. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आणि परिषद आहे, त्यामुळे सुया टोचणाऱ्याची नोंदणी तिथे विचारता येते. परदेशातून आलेल्या बेनामी डब्याबद्दल विचारायला मात्र समोर कोणीच नसते. तो मजकूर तुमच्या गटात आला तर पुढे पाठवू नका, आणि ज्या बहिणीने आधीच पैसे भरले असतील तिला डबा न फोडता, पावतीसह जवळ ठेवून, प्रोलॅक्टिन आणि थायरॉइडची तपासणी याच आठवड्यात करून घ्यायला सांगा.