रोटरीचं एक वर्ष, छापखानावालीच्या हिशेबाने

गावातल्या रोटरी क्लबमध्ये, म्हणजे समाजसेवेची कामं करणाऱ्या व्यापारी-व्यावसायिकांच्या मंडळात, यावं का, असं हल्ली दुकानात बरेच जण विचारून जातात. प्रत्येकाला काउंटरवर उभ्याउभ्या सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. पाचपैकी साडेतीन तारे. उरलेला दीड कुठे गेला ते पुढे येईलच. गावाचं नाव लिहीत नाही. सांगली जिल्हा, तालुक्याचं ठिकाण, चहूबाजूला ऊस, एवढं पुरे. आमचा ऑफसेट आणि फ्लेक्सचा धंदा. सभासद व्हायच्या कितीतरी आधीपासून या क्लबची कार्डं, बुलेटिन, फ्लेक्स आमच्याकडेच छापले जातात. त्यामुळे लोकांना क्लब स्टेजवर दिसतो, मला तो प्रूफ तपासताना दिसत आलाय.

आधी पैशाचं बोलू, कारण विचारणाऱ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. आमच्याकडे वर्गणी वर्षाला दहा-बारा हजारांच्या घरात आहे. त्यातला एक हिस्सा डॉलरच्या हिशेबाने अमेरिकेत मुख्य कार्यालयाला जातो, एक डिस्ट्रिक्टला (म्हणजे सरकारी जिल्हा नव्हे, आसपासच्या रोटरी क्लबांचा गट), आणि उरलेल्यात क्लब आणि मीटिंगचं जेवण चालतं. पण एवढ्यावर भागत नाही. कॉन्फरन्सची नोंदणी वेगळी, बुलेटिनला जाहिरात द्यावी लागते, वाढदिवस झाला, मुलगा पास झाला, नवी गाडी घेतली की डब्यात आनंदाचे पैसे टाकायचे. शिवाय रोटरीच्या फाउंडेशनला द्यायची देणगी. एक हजार डॉलर दिले की 'पॉल हॅरिस फेलो' म्हणून पिन आणि प्रमाणपत्र मिळतं. डॉलरचा आजचा भाव धरा आणि तुम्हीच गुणाकार करा. मी दिले नाहीत, मला कुणी जबरदस्तीही केली नाही. मात्र पिन लावलेली माणसं पहिल्या रांगेत बसतात, हे नजरेतून सुटत नाही.

रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. आपल्याकडे १ जुलै हाच डॉक्टर दिन, सीए दिन आणि वसंतराव नाईकांच्या जयंतीचा कृषिदिनही. त्यामुळे पहिल्याच दिवशी क्लबला तीन सत्कार करायचे असतात, आणि दोन डॉक्टर व एक सीए क्लबमध्येच असल्याने शाल घालणारे आणि घेणारे आळीपाळीने तेच. मग भर पावसात मंगल कार्यालयात पदग्रहण. जुन्या अध्यक्षांच्या गळ्यातली कॉलर नव्यांच्या गळ्यात, घंटा आणि हातोडी सुपूर्द, टाळ्या, आभार, आणि पुन्हा आभार. मग वृक्षारोपण. आमच्या क्लबने एका शाळेच्या कुंपणाकडेला दरवर्षी झाडं लावलीत आणि तिथे अजून सावली नाही, यावर अधिक लिहायची गरज नाही.

आता थोडं धंद्यातलं. रोटरीच्या बोधचिन्हातल्या चक्राला चोवीस दाते आणि सहा आरे असतात, आणि मधल्या भोकाला चावी बसायची खाच असते. खाच नसेल तर चाक दांड्यावर नुसतं गरगरेल, काम करणार नाही, म्हणून ती दाखवायची. लोक मोबाईलवरून कुठलं तरी चित्र पाठवतात, त्यात खाच नसते, दाते वीसच असतात, आणि जागेत बसवायला चाक ताणून अंड्यासारखं केलेलं. मी दुरुस्त करून छापते. पण फोटोंचं काय करणार? अध्यक्षांचा फोटो सेक्रेटरींच्या फोटोपेक्षा किती इंचांनी मोठा असावा, यावर आमच्या काउंटरवर जेवढी चर्चा झालीय तेवढी एखाद्या प्रकल्पावर मीटिंगमध्ये झालेली मी ऐकली नाही. अर्धा तारा इथे गेला.

माझ्यासाठी एक गंमत मात्र होती. १९०५ साली फेब्रुवारीच्या २३ तारखेला शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तिघांना घेऊन पहिली बैठक घेतली. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक शिंपी. बैठक आळीपाळीने, म्हणजे रोटेशनने, एकेकाच्या ऑफिसात व्हायची, रोटरी हे नाव तिथूनच पडलं. पुढच्याच बैठकीत त्यांना येऊन मिळालेला हॅरी रगल्स हा छापखानावाला. मीटिंगमध्ये गाणी म्हणायची प्रथाही त्यानेच पाडली म्हणतात. तेव्हा आमच्या व्यवसायाचा हक्क पहिल्यापासूनचा आहे, असं मी माझ्या स्वागताच्या दिवशी बोलून घेतलं.

बायकांचा हक्क मात्र बराच उशिरा आला. १९८७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात निकाल लागला आणि १९८९ मध्ये संघटनेच्या नियमातूनच 'पुरुष' ही अट गेली. कागदावर. आमच्याकडे सभासदाच्या बायकोला 'ॲन' म्हणतात आणि पोरांना 'ॲनेट'. मी सभासद झाल्यावर आमच्या ह्यांचं काय करायचं हे कुणालाच ठरवता येईना. संक्रांतीला ग्रुपवर 'सर्व ॲन्सनी साडी नेसून यावे' असा निरोप आला तेव्हा हे लुंगीवर बसून चहा पीत होते. गेले मात्र. हळदीकुंकवात कोपऱ्यात बसले, तिळगूळ खाल्ला आणि वाण म्हणून मिळालेला स्टीलचा डबा घेऊन आले. तो डबा दुकानात आहे, त्यात मी स्टेपलरच्या पिना ठेवते. एकूण वागणूक चांगली आहे, बोलायला संधी मिळते. फक्त 'वहिनी, चहाचं जरा बघता का' हे वाक्य मला ऐकू येतं आणि शेजारच्या इंजिनिअरना नाही.

दर आठवड्याची मीटिंग. घंटा, राष्ट्रगीत, मग ती चार प्रश्नांची कसोटी: जे बोलतो, करतो ते खरं आहे का, सगळ्यांना न्यायाचं आहे का, त्याने सलोखा वाढेल का, सगळ्यांच्या भल्याचं आहे का. १९३२ मध्ये शिकागोतल्याच हर्बर्ट टेलर यांनी दिवाळखोरीच्या दारात आलेली भांड्यांची कंपनी सावरताना ती लिहिली. भिंतीवरचा बोर्ड मीच छापलाय. त्याच बोर्डाखाली बसून महिन्याचा अहवाल भरताना शाळेत टूथपेस्ट वाटल्यावर पटावरची सगळी मुलं 'लाभार्थी' होतात, त्या दिवशी गैरहजर असलेलीसुद्धा. मग मला पहिला प्रश्न मोठ्याने वाचावासा वाटतो. वक्ते बरे-वाईट दोन्ही येतात. सर्पमित्राचं भाषण उत्तम झालं, सकारात्मक विचारांवरची भाषणं यापुढे नकोत.

कामाकडे वळते.

नेत्रशिबिर चांगलं होतं. बाहेरच्या धर्मादाय दवाखान्याची बस येते, तपासणी इथे, ऑपरेशन तिकडे. माझं टेबल आधार कार्डाच्या झेरॉक्सचं. बीपी किंवा साखर जास्त निघालेल्यांना त्या दिवशी बसमध्ये घेत नाहीत. पिशवीत टॉवेल-तांब्या भरून आलेल्या म्हाताऱ्याला परत पाठवणं हे अवघड काम आमचे सेक्रेटरी स्वतः करतात. आठ दिवसांनी त्यांना पुन्हा बोलावून साखर तपासून घेतात. काळे चष्मे लावून बस परत येते तेव्हाचा फोटो सगळे काढतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पोलिओच्या रविवारी एसटी स्टँडवर आमचा बूथ असतो. रोटरीने १९८५ पासून पोलिओ हटवायचं हे काम जगभर अंगावर घेतलं. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, बंगालमध्ये हावड्याचा, आणि २७ मार्च २०१४ ला भारतासह दक्षिण-पूर्व आशियाचा भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. तरी डोस चालूच आहेत, कारण रोग जगातून अजून पूर्ण गेलेला नाही. काम साधं. एसटीतून उतरणाऱ्या प्रत्येक कडेवरच्या पोराची डावी करंगळी बघायची. शाई नसेल तर आईला थांबवायचं. आशाताई दोन थेंब पाजते, आपण करंगळीवर मार्कर फिरवायचा. पोरं हात आवळून धरतात, करंगळी सोडवायलाच वेळ जातो. खरं काम आशाताईंचं आणि नर्सबाईंचं असतं, आपण हातभार लावतो, हे क्लबमधले जुने लोक आवर्जून सांगतात. ते मला आवडलं.

ऊसतोड मजुरांच्या शिबिराचं मात्र सांगायलाच हवं. हंगामात बीडकडून टोळ्या येतात, कारखान्याजवळ पालं पडतात. बायकांचं हिमोग्लोबिन तपासायचं ठरलं. उत्तम कल्पना. वेळ ठेवली सकाळी अकराची, पाहुण्यांच्या सोयीने. टोळ्या पहाटे अंधारात फडावर जातात. अकरा वाजता पालावर होत्या दोन म्हाताऱ्या, कडेवर भावंडं घेतलेल्या पोरी, आणि एक कुत्रं. दीपप्रज्वलन झालं. लोहाच्या गोळ्यांची खोकी तशीच परत आली. पुढच्या खेपेला एका लॅबवाल्या सभासदाने हट्ट धरून रात्री आठची वेळ घेतली, जनरेटर नेला, पाहुणे कुणीच नाहीत. बायका चुलीवरचं उरकून, हात पुसत आल्या. रांग लागली. सात-आठच्या घरातलं हिमोग्लोबिन घेऊन दिवसभर मोळ्या उचलणाऱ्या बायका मी तिथे पाहिल्या. त्या शिबिराचा फ्लेक्स लावलाच नव्हता.

शाळांना हात धुवायचे नळ बसवून दिले तेही असंच अर्धवट. फरशीवर क्लबचं नाव शाबूत, प्लॅस्टिकचे नळ मोडून गेले, नंतर कुणी बघायला गेलं नाही. पितळी नळ आणि वर्षाला एक प्लंबर, एवढंच लागलं असतं. दर जुलैला अध्यक्ष बदलतो, आणि आदल्या अध्यक्षाचा प्रकल्प चालवण्यात नव्याला उत्साह नसतो. एक तारा इथे गेला, आणि तो परत मिळणं कठीण आहे.

आता मी पैसे कशासाठी भरते ते सांगते. बाजारपेठेत आमच्या एका ज्येष्ठ सभासदांचं, म्हणजे काकांचं, हार्डवेअरचं दुकान आहे. मागच्या गोडाऊनमध्ये क्लबचं रुग्णसाहित्य केंद्र चालतं. वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, खालीवर होणारा दवाखान्याचा बेड, बेडसोर होऊ नये म्हणून हवेची गादी, कोरोनानंतर आलेले ऑक्सिजनचे कॉन्सन्ट्रेटर. अनामत भरायची, वस्तू न्यायची, काम झालं की परत आणून अनामत घेऊन जायची. सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकर तिथूनच आणला होता, तेव्हा मी सभासदही नव्हते.

काकांची वही लांबडी, लाल कापडी बांधणीची. वस्तू, नंबर, नेणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, सही किंवा अंगठा. शेवटचा रकाना 'परत'. वॉकरच्या पायाची रबरी बुचं झिजली की फरशीवर घसरतो. काका ती आपल्या दुकानातल्या बरणीतून बदलतात, क्लबला बिल लावत नाहीत. कमोड खुर्ची परत आली की पोऱ्याकडून फिनेलने धुऊन उन्हात उलटी ठेवतात. बेड कधी कधी ट्रॅक्टरमधून येतो आणि आणणाऱ्याचं डोकं भादरलेलं असतं. काका काही विचारत नाहीत. अनामत मोजून देतात, चहा सांगतात, वहीत तारीख टाकतात. कुणी अनामत 'राहू दे तुमच्याकडंच' म्हणालं तर पावती फाडतात. त्यातूनच मागे हवेच्या दोन गाद्या आल्या.

महिन्याच्या अहवालात या सगळ्याची एक ओळ असते. डिस्ट्रिक्टच्या बक्षिसांत तिला फारसे गुण नाहीत, कारण उद्घाटन करता येत नाही. डिस्ट्रिक्टचे प्रमुख, म्हणजे गव्हर्नर, वर्षातून एकदा अधिकृत भेटीला येतात. त्या दिवशी फायली, झेंड्यांची देवाणघेवाण, शाळेतला नवा प्रकल्प, सगळं दाखवलं गेलं. गोडाऊन राहिलं, वेळ नव्हता म्हणे. जूनमध्ये मात्र वर्ष संपायच्या आत प्रकल्पांची संख्या वाढवायला शेवटच्या पंधरवड्यात इतके कार्यक्रम झाले की आमचं मशीन रात्री चालवावं लागलं. धंदा झाला, खोटं कशाला बोलू.

यायचं असेल तर आधी पाहुणे म्हणून मीटिंगला या, कुणी ना कुणी सभासद घेऊन येतो. ओळखी होतात, हे खरं. डॉक्टर, वकील, बँकवाले एका टेबलावर जेवतात. पण केवळ धंद्यासाठी येणार असाल तर ऐका: सभासद झाल्यापासून सगळे मला सवलत मागतात. स्टेजवर बोलायची हौस असेल तर मजेत राहाल. नसेल तर एखादं कायमचं काम धरा, ज्याला दर जुलैला नवीन माणूस लागत नाही. मी साहित्य केंद्र धरलंय. प्रत्येक वॉकरवर, खुर्चीवर नंबर आणि फोन असलेला स्टिकर लावला, लॅमिनेशन करून, कारण फिनेलने साधी शाई जाते. वहीची नोंद आता मोबाईलवरही ठेवते. काकांनी वही बंद केलेली नाही आणि करणारही नाहीत.

यंदाची वर्गणी भरली आहे. खजिनदार हे वाचत असतील तर मार्चच्या बुलेटिनचं बिल पुन्हा पाठवलंय, जीएसटीसकट.