सेकंडरी डीएनएस: प्रायमरीच्या बाजूले का नागपुरात?

राजेहो, डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी व्यवस्था; तिचा मुख्य सर्व्हर प्रायमरी, अन् त्याच्या नोंदींची नक्कल ठेवणारा दुसरा सर्व्हर सेकंडरी. आपल्याकडं तालुक्याच्या ठिकाणी बरेच जण प्रायमरीच्या बाजूलेच सेकंडरी ठेवतात, सेटिंग सोपं, झोन ट्रान्सफर (प्रायमरीच्या नोंदी सेकंडरीवर उतरवणं) लॅनवरच, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कवरच होऊन जाते, पण लाइन गेली नाहीतर रस्ता खोदताना फायबर तुटला की दोन्ही सर्व्हर सोबतच बंद, मंग दुसरा ठेवून फायदा काय? १९९७ च्या आरएफसी २१८२ (इंटरनेट कसं चालवावं हे सांगणाऱ्या कागदपत्रांपैकी एक) मध्ये हेच सांगतलं आहे, वेगळ्या जागी अन् वेगळ्या नेटवर्कवर ठेवा. म्हणून मले नागपूरवालाच पटते. मेहनत थोडी जास्त आहे: फायरवॉलमध्ये टीसीपी ५३ (ट्रान्सफर ज्यावरून होते तो पोर्ट) उघडा, ट्रान्सफरले टीसिग की (दोन्ही सर्व्हरलेच माहीत असलेली गुप्त किल्ली) लावा, रेकॉर्ड बदलला की सीरियल (नोंदींचा आवृत्ती नंबर) वाढवाच, नाहीतर सेकंडरी जुनंच सांगत राहते. एक्स्पायरची मुदत दोन ते चार आठवडे ठेवा, तेवढे दिवस प्रायमरी नाही भेटला तरी सेकंडरी उत्तर देते.