शेवटची पंधरा मिनिटं: सहाजण जेवायला येणार असतील तर काय रांधावं, काय ओतावं

शनिवारी सहाजण जेवायला येणार आहेत. त्यातले दोघं शाकाहारी, एकजण अजिबात न पिणारी, बाकीचे 'थोडंसं चालेल' म्हणणारे. (थोडंसं म्हणजे किती, हे पुण्यात आधी कुणी सांगत नाही.) बाहेर जायचं तर शनिवारी रात्री पाऊण तास हॉटेलच्या दारात उभं राहायचं आणि आत गेल्यावर गाण्यांच्या दणदणाटात ओरडून बोलायचं. त्यापेक्षा घरीच बरं. फक्त करायचं काय, ते ठरवायला हवं.

कोथरूडातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी चार बेत आलटून पालटून करून पाहिलेत. चारही चवीला चांगले आणि चारही 'सोपे' म्हणूनच सांगितले जातात. मी मात्र एकच बघतो: बेल वाजल्यावर आणि पानं मांडायच्या आधी जी शेवटची पंधरा मिनिटं असतात, त्यात यजमान कुठं असतो? ओट्यापाशी की माणसांत?

या प्रश्नावर आधी थालीपीठ बाद होतं, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतंय. घरची भाजणी, वर लोण्याचा गोळा, बाजूला लसणाची चटणी आणि दही. बशीत बघायलाही देखणं. पण एका तव्यावर एका वेळी एकच. झाकण ठेवून चार मिनिटं, उलटून तीन. सहाजणांना दोन-दोन धरली तर बारा थालीपीठं, म्हणजे जवळपास दीड तास तुम्ही तव्यापुढं. आधी करून ठेवली तर चामट होतात. दोघंच असाल तर मात्र थालीपीठाला तोड नाही. एकानं थापायचं, दुसऱ्यानं बिअर उघडायची आणि ओट्यालाच टेकून खायचं.

पास्त्याची गोम वेगळी आहे. कृतीत लिहिलेलं असतं 'वीस मिनिटांत तयार'. ती वीस मिनिटं दोन माणसांची असतात. 100 ग्रॅम पास्त्याला साधारण 1 लिटर पाणी लागतं. सहाजणांना 500-600 ग्रॅम धरला तर पाच-सहा लिटर पाण्याचं पातेलं घरच्या गॅसला उकळी यायलाच अर्धा तास घेतं. मग तो शिजवा, गाळा, परता आणि लगेच वाढा, कारण पाचच मिनिटांत त्याचा गोळा होतो. एकदा बाहेर सगळे कुठल्याशा किश्श्यावर हसत होते आणि मी वाफेत चष्मा पुसत चाळणी शोधत होतो. चाळणी सापडली तेव्हा पास्त्याचा उपमा झाला होता. किस्सा मला अजूनही पूर्ण माहीत नाही.

दोन-तीन माणसांना मात्र जरूर करा. लसणाच्या पातळ चकत्या ऑलिव्ह तेलात मंद आचेवर नुसत्या सोनेरी करायच्या, लाल मिरचीचे तुकडे टाकायचे आणि पास्ता शिजलेलं पाणी एक डावभर त्यात ओतून हलवायचं. त्या पाण्यात उतरलेल्या पिठामुळे तेल आणि पाणी मिळून येतं, लसणाला चकाकी येते आणि क्रीमची गरजच उरत नाही. लसूण करपला तर टाकून द्या, पुन्हा घ्या. कडू लसूण कशानंही झाकत नाही.

उरले दोन बेत, आणि खरी निवड त्यांच्यातच आहे.

मसालेभाताला आपण 'कार्यातला पदार्थ' म्हणून उगीच बाजूला टाकलंय. तोंडली, मटार, काजू, गोडा मसाला, वरून ओलं खोबरं, कोथिंबीर आणि तुपाची धार. वाटीत दाबून मूद पाडली की सजावटीचा प्रश्नच मिटतो. परदेशी शेफ लोखंडी रिंग घेऊन जे करतात ते आपल्या पंगतीत वाटीनं कधीपासून होतंय. पाहुणे यायच्या जरा आधी भात होतो, आणि पातेलं जाड टॉवेलात गुंडाळून ठेवलं की पाऊण तास गरम राहतो. शेवटच्या पंधरा मिनिटांत काम काय, तर मूद पाडणं. तांदूळ कुठला यावर घराघरात वाद आहेत. मुळशीकडचा आंबेमोहर वासाला राजा आहे, पण त्याचा भात जरा आसट होतो. मूद सुबक पडायला ते उलट सोयीचं. मोकळाच हवा असेल तर कोलम घ्या. बासमती घेऊ नका. त्याचा मसालेभात होत नाही, पुलाव होतो.

दहा माणसं असतील आणि मंडळी वयानं मोठी असतील, तर पुढचं न वाचता मसालेभात करा. सोबत मठ्ठा, पापड आणि तळलेली अळूवडी (उंडे आदल्या दिवशी वाफवून फ्रीजमध्ये). सहाजणांसाठी मात्र माझं मत केळीच्या पानाला.

पात्रानी मच्छी मूळची पारशी. नाना पेठेत आणि कॅम्पात पारशी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यामुळं पुण्याला ती परकी नाही. आपल्या स्वयंपाकघरात मात्र फारशी शिरली नाही. हिरवी चटणी लावलेला मासा पानात गुंडाळून वाफवायचा, बस्स. तेलाचा थेंब नाही, घरभर तळणाचा वास नाही. आणि गंमत अशी की पुडी पाहुणा स्वतः सोडतो. दोरा सुटतो, वाफ वर येते, पुदिन्याचा वास सुटतो आणि टेबलावरचं बोलणं क्षणभर थांबतं. ज्याला दिमाख म्हणतात तो इथं फुकट मिळतो.

सहा पुड्यांना साधारण अर्धा नारळ खवून, कोथिंबिरीची मोठी जुडी, मूठभर पुदिना, चार-पाच मिरच्या, सहा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, मीठ, साखर आणि दोन लिंबं. पाणी जवळजवळ नको. चटणी पातळ झाली तर पुडीतून गळते. मासा सुरमई किंवा रावस, दोन सेंटिमीटर जाडीच्या तुकड्या. पापलेटही सुंदर होतं, पण काट्यांशी झटापट करणारे पाहुणे बोलत नाहीत. मासे गणेश पेठेत किंवा कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमध्ये सकाळी लवकर घ्या, पानं मंडईत. केळीचं पान गॅसच्या आचेवरून झरझर फिरवा. फिकट रंग गडद, चकचकीत झाला की पान मऊ झालं; तसं केलं नाही तर शिरेला धरून फाटतं आणि सगळी चटणी खाली.

शाकाहाऱ्यांच्या पुड्यांत त्याच चटणीत पनीरचे जाड तुकडे. त्या पांढऱ्या दोऱ्यानं बांधायच्या, माशाच्या लाल दोऱ्यानं. भांडी वेगळी ठेवायची, हे वेगळं सांगायला नको. आणि मासे वाफवायला कृपा करून मोदकपात्र काढू नका. मी एकदा नुसतं म्हटलं होतं. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि मी जुना इडली कुकर शोधला.

पुड्या दुपारी चारला बांधून फ्रीजमध्ये ठेवता येतात, पण त्याहून लवकर नको. लिंबू आणि मीठ माशाला फार वेळ लागलं तर त्याला पाणी सुटतं आणि पोत बिघडतो. पाहुणे बसल्यावर गॅस लावायचा. मासा बारा मिनिटं, पनीर आठ. त्या बारा मिनिटांत तुमच्या हातात चमचा नसतो, पेला असतो.

आता पेल्याचं. इथंही कसोटी तीच.

एक प्रकार शेकरचा: प्रत्येक पेला वेगळा, लिंबाचा रस, साखरेचा पाक, दारू आणि बर्फ घालून हलवायचा. साधारण 60 मिली दारूला 25 मिली लिंबू आणि 20 मिली पाक हे माप धरलं तर चूक होत नाही. चव ताजी, वर फेस. पण सहाजण, दोन फेऱ्या म्हणजे बारा वेळा खडखडाट. ज्याला नाटकच करायचंय त्यानं करावं. मी थालीपीठाच्या रांगेतच बसवतो त्याला.

दुसरा प्रकार नेग्रोनी या कॉकटेलसारखा, नुसता ढवळायचा. जिन, कॅम्पारी (कडू इटालियन मद्य) आणि गोड व्हर्मूथ समसमान. हा आदल्या दिवशी बाटलीत करून ठेवता येतो: तिन्ही 180-180 मिली आणि वर 120 मिली पाणी. पाणी हवंच, कारण एरवी ते ढवळताना बर्फातून उतरतं. शेवटच्या मिनिटाला फक्त ओतायचं आणि संत्र्याची साल पिळायची. सोयीला पैकीच्या पैकी गुण. पण तो कडू असतो, आणि आपल्याकडं सहातले चार पाहुणे पहिल्या घोटाला 'वेगळंय' म्हणून पेला हळूच फुलदाणीमागं ठेवतात. शिवाय कॅम्पारी आणि व्हर्मूथ या दोन आयात बाटल्यांच्या पैशांत सहाजणांची सुरमई येते आणि वर रिक्षाभाडं उरतं. व्हर्मूथ ही खरी तर वाइनच. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवून महिना-दोन महिन्यांत संपवावी लागते. वर्षातून दोनदा पाहुणे येत असतील तर या वाटेला जाऊ नका.

वाइनबद्दल फार बोलण्यासारखं नाही. बाटली उघडा आणि ओता. नाशिककडच्या शेनिन ब्लांला जरा गोडसर अंग असतं, ते गोड्या मसाल्याशी जमतं. पुदिना-कोथिंबिरीच्या चटणीला सोविन्यों ब्लां बरी. थंड असावी, एवढंच.

माझी निवड कोकम. कारण सोपं आहे: यात दारू सर्वांत शेवटी पडते. जगमधलं मूळ पेय सगळ्यांसाठी एकच. ज्याला हवी त्याच्या पेल्यात जिन, जिला नको तिच्यात नुसता सोडा. दोघांच्या हातात एकाच रंगाचा, एकाच मिठाच्या काठाचा पेला. 'तू का घेत नाहीस' हा प्रश्न टेबलावर येतच नाही, आणि न पिणाऱ्या माणसाला पुण्यात किंवा कुठंही तो किती वेळा ऐकावा लागतो हे तिला विचारा.

पण बाटली बघून घ्या. अमृत कोकम म्हणजे गोड पाक. आगळ म्हणजे मीठ घातलेला बिनसाखरेचा अर्क. आगळ सोलकढीचं. मी एकदा घाईत आगळ ओतलं आणि पाहुण्यांनी सौजन्यानं समुद्र प्यायला.

बारा पेल्यांना 300 मिली अमृत कोकम, 120 मिली लिंबाचा रस, दीड चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर काळं मीठ, दुपारीच एकत्र करून गार करत ठेवायचं. वाढताना पेल्यात 35 मिली हे मिश्रण, हवी असल्यास 45 मिली जिन, वर सोडा. अगदी सगळ्यांनी दोनदा घेतली तरी जिन 540 मिली होते, म्हणजे 750 मिलीची एक बाटली पुरून उरते. गोव्यात बनणाऱ्या जिन आता पुण्यात सहज मिळतात, त्या या कामाला उत्तम. महागडी विलायती जिन कोकमाखाली दबून जाते. तीस मिलीचं माप नसेल तर खोकल्याच्या औषधाचं टोपण धुऊन घ्या. हसू नका, त्यावर मापाच्या रेघा असतात.

थालीपीठाचा किंवा मसालेभाताचा बेत असेल तर एक पर्याय आहे: रसवंतीचा उसाचा रस 90 मिली, काळी रम 45 मिली, लिंबू 15 मिली. रम उसाच्या मळीचीच, त्यामुळं नातं घरातलं. पण हा रस तासाभरात काळवंडतो आणि चव बदलते. कुणाला तरी ऐन वेळी रसवंतीकडं पिटाळावं लागतं, म्हणून सहाजणांच्या संध्याकाळी मी तो टाळतो.

बर्फ मात्र सगळ्यांत आधी. घरच्या ट्रेमधला बर्फ सहाजणांना एक फेरीही पुरत नाही, आणि त्याला फ्रीजरमधल्या मटारांचा वास असतो तो वेगळाच. आदल्या रात्री स्टीलच्या छोट्या वाट्यांत पाणी लावा. मोठा गोळा हळू वितळतो आणि पेय पाणचट होत नाही. वाट्यांवर ताटली झाकून ठेवा.

कायद्याची बाजू लक्षात असू द्या: महाराष्ट्रात वाइन आणि बिअरला 21, तर कडक दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात, आणि पिण्याचा परवानाही. घरच्या भाच्या-पुतण्यांना बोलावताना हे तपासा. बाटली आदल्या दिवशीच आणा. ऐन शनिवारी ड्राय डे निघाला की धावपळ होते. 2 ऑक्टोबर सगळ्यांच्या लक्षात असतो, बाकीचे नसतात.

गोडाला मी काहीच रांधत नाही. हंगाम असेल तर पुरंदरकडचे अंजीर अर्धे चिरून वर चक्का आणि थोडा मध. नसेल तर श्रीखंड लहान वाट्यांत. म्हणजे त्या वाट्या बर्फातून मोकळ्या झालेल्या असायला हव्यात. मागच्या खेपेला झाल्या नव्हत्या, आणि आम्ही श्रीखंड चहाच्या कपांतून खाल्लं.