जुनं इंजिन गॅरेजात सोडून येऊ नका

आंब्या बहाराची मोसंबी तोडणीला आली होती आणि माझी पिकअप अंबडहून पाचोडकडे जाताना गरम होऊन बंद पडली. रेडिएटरचा पाईप फुटून सगळं पाणी गेलं होतं. टोचन करून गाडी गॅरेजला आणली. मिस्त्री नेहमीचा. दहा वर्षं क्लच-ब्रेकचं काम त्याच्याकडंच, लग्नकार्यात एकमेकांकडं जाणं-येणं. त्यानं डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून फडक्यावर पुसली आणि माझ्यापुढं धरली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं.

"दादा, ऑइलात पाणी गेलं. ब्लॉक फुटला. आता यात पैसे घालू नका."

डिपस्टिकवर दिसलं ते खरं होतं, म्हणून पुढचंही खरं वाटलं. पण ऑइल असं दुधाळ होतं ते बहुतेक वेळा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण (हेड) आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, जळाल्यानं. कधी हेड वाकतं किंवा तडकतं, आणि कधी खरंच ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडाच, फुटतो. यातलं काय झालं ते हेड उघडल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही. गॅस्केट आणि हेडचं काम इंजिन बदलण्याच्या मानानं किरकोळ असतं. त्यानं हेड उघडलं नाही आणि मीही उघडायला लावलं नाही. व्यापाऱ्याचा इसार घेतलेला होता, फळ झाडावर किती दिवस ठेवणार? त्याला हे माहीत होतं.

भंगारात कापलेल्या गाडीचं, 40 हजार किलोमीटर चाललेलं इंजिन 85 हजारांत बसवून देतो म्हणाला. 50 हजार मोबाईलवरून पाठवले, 35 हजार रोख दिले. बिल मागितलं तर "आपल्यात कशाला बिल?" जुनं इंजिन भंगारात किलोवर जाईल, तुम्ही नेऊन काय करणार, असं म्हणून ते ठेवून घेतलं आणि त्याचे दोन हजार रोखीतून वळते केले.

गाडी आणायला गेलो तेव्हा इंजिन आधीच चालू करून ठेवलं होतं. चंदेरी रंग मारून चकाचक. हे दोन्ही लक्षात ठेवा. गरम इंजिन आपलं दुखणं लपवतं. सकाळी, हात लावून थंड आहे याची खात्री करून, स्वतः सेल्फ मारायचा. जाड ऑइल टाकलं तरी खडखड काही दिवस दबते.

वीस दिवसांत निळा धूर सुरू झाला, दर दोन फेऱ्यांना लिटरभर ऑइल जायला लागलं. जालन्यात एक म्हातारे चाचा आहेत, त्यांच्याकडं गाडी नेली. त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि त्याच तोंडावर उलटं ठेवलं. झाकण थडथड नाचलं आणि खाली पडलं, मागून धुराचा भपका. "हवा मारतंय बेटा. रिंगा गेल्यात, लायनर घासलेत." म्हणजे पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरच्या आतल्या नळ्या झिजून दाब खाली गळत होता. मग गेज लावून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजलं. आकडे जवळपास सारखे यायला पाहिजेत, माझे दोन अर्ध्यावर होते. ही तपासणी घंटाभराची आहे, पैसे देण्याआधी करून घ्या.

नंतर चाचांनी डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं ब्लॉकवरच्या इंजिन नंबरच्या जागी घासलं. चंदेरी रंग निघाला आणि खाली ग्राइंडरच्या आडव्या रेघा दिसल्या. नंबरच नाही.

हे सगळ्यात वाईट. इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो. पासिंगला चेसिस आणि इंजिन नंबर बघतात. नंबर जुळला नाही तर पासिंग अडतं, अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो. आणि इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं तर जबाब आपल्याला द्यावा लागतो. म्हणून इंजिन बघण्याआधी ते ज्या गाडीतून काढलं तिचे कागद आणि नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागा. जो द्यायला टाळतो त्याच्याकडं गाडी सोडू नका, नातं कितीही जुनं असो.

मिस्त्री म्हणाला, "जुन्या मालाची गॅरंटी कोण देतं?" मी तिथंच गप्प बसलो असतो. पण दिवाळीनंतर पाचोडच्या मोसंबी मार्केटला एक पिकअप बोनेट उघडून उभी दिसली. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटला वेल्डिंगची चौकोनी पट्टी. ती मीच अंबडला मारून घेतली होती. ड्रायव्हरला विचारून ब्लॉक पुसला, मोबाईलवर माझी आरसी काढली. एकेक अक्षर मोठ्यानं वाचत गेलो. सगळा नंबर जुळला.

ज्या ब्लॉकला फुटला म्हणून सांगितलं, तो त्या बोनेटखाली चालत होता. "चांगलं चालतंय की," ड्रायव्हर म्हणाला. "40 हजार चाललेलं आहे. 85 दिले." बिल त्यालाही नव्हतं, आरसीवर त्याचा जुनाच नंबर होता. माझी आरसी त्याच्या हातात दिली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मिळून पोलीस ठाण्यात अर्ज दिला.