इंदूरच्या पाण्यात मिश्र मासे: तिन्ही ऋतू काढल्यानंतरचा अनुभव

टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. हिशेबाने १६० लिटर. रेती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्षात १२५-१३० लिटर पाणी. आत ८ झेब्रा डॅनिओ, ६ प्लॅटी (२ नर, ४ माद्या), ६ ब्राँझ कोरीडोरस (थोडक्यात कोरी, तळाशी राहणारे) आणि ३ पर्ल गौरामी (१ नर, २ माद्या). उन्हाळा, पावसाळा आणि थंडी या मंडळींनी एकत्र काढली आहे. मत आधीच सांगून टाकतो: हे जमतं. मात्र पाणी आधी तपासायचं आणि मासा त्यानंतर ठरवायचा, हा क्रम पाळला तरच.

इंदुरात बहुतेक घरांत दोन प्रकारचं पाणी असतं. एक नर्मदेचं, जलूदहून सुमारे ७० किलोमीटर उपसून आणलेलं. दुसरं बोरिंगचं, माळव्याच्या काळ्या दगडातलं. आमच्या नळाला नर्मदेचं पाणी येतं. पाणी तपासायच्या किटवर त्याचा पीएच ७.८ ते ८ आणि जडपणा (पाण्यातल्या क्षारांचं माप) ८ ते १० जीएच दिसतो. बोरिंगचं पाणी याहून बरंच जड असतं. हौदात दोन्ही मिसळत असतील तर नळाचं नाही, हौदाचंच पाणी तपासा. या पाण्यात प्लॅटी, मॉली, स्वोर्डटेल अगदी घरच्यासारखे राहतात, कारण त्यांना जडच पाणी लागतं. झेब्रा डॅनिओ आपल्याच उपखंडातला, चिवट. ब्राँझ कोरी आणि पर्ल गौरामी पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढवलेले असल्याने ८ पीएचपर्यंत निभावतात. निऑन टेट्रा मूळचा मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. नर्मदेच्या पाण्यात तो जगतो, पण बोरिंगच्या पाण्यात त्याच्यावर पैसे घालू नयेत. पीएच उतरवायच्या बाटल्याही घेऊ नका. जड पाण्यात पीएच दुसऱ्या दिवशी परत वर येतो आणि त्या चढउताराने मासे जास्त दमतात.

चढ्या पीएचचा एक धोका मात्र कोणी सांगत नाही. पाण्यातल्या अमोनियाचा विषारी भाग पीएचबरोबर वाढतो: ३० अंशांवर, ७ पीएचला जेमतेम एक टक्का, तर ८ पीएचला सात टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मऊ पाण्यात खपून जाणारी गर्दी आपल्याकडे कल्ले जाळते. म्हणून नवी टाकी आधी रिकामी चालवायची. रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, म्हणजे अमोनिया पचवणारे जीवाणू वाढतात, आणि अमोनिया व नायट्राइट (अमोनियातूनच बनणारं दुसरं विष) दोन्ही शून्यावर येईपर्यंत थांबायचं. साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीतल्या कुणाच्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज आपल्या फिल्टरमध्ये ठेवला तर हा काळ बराच कमी होतो.

मासे सोडायचा क्रमही जुळणीचाच भाग आहे. आधी डॅनिओ, दोनेक आठवड्यांनी प्लॅटी, टाकी चांगली मुरल्यावर कोरी, आणि सर्वांत शेवटी गौरामी. नर गौरामी जागा धरतो. त्याला आधी सोडलं तर नंतर येणारा प्रत्येक जण त्याच्या लेखी घुसखोर ठरतो. शेवटी आला की मुकाट्याने एका कोपऱ्यावर समाधान मानतो. प्रत्येक तुकडी आधी वेगळ्या छोट्या टाकीत तीन आठवडे ठेवावी. कंटाळवाणं काम आहे, पण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पिशवीतून येतो आणि एकदा रेतीत पोचला की सगळ्यांना धरतो.

दुकानात सगळं एकाच काचेत गुण्यागोविंदाने पोहताना दिसतं आणि «भैया, सब साथ में रह लेंगी» असं उत्तर मिळतं. ते त्या दुकानापुरतं खरंही असतं. मासे पिल्लं असतात, आठवडाभराचे पाहुणे असतात आणि गर्दीत कुणालाच जागा धरता येत नाही. घरी आल्यावर सहा महिन्यांनी खरे स्वभाव दिसतात.

एंजल हे याचं ठळक उदाहरण. रुपयाच्या नाण्याएवढा आणलेला एंजल वर्षात हाताच्या पंजाएवढा होतो आणि तोंडात मावणारा निऑन हे त्याचं खाद्य असतं. जोडी जमली तर अंडी घालते आणि अर्धी टाकी आपली म्हणून घोषित करते. टायगर बार्ब एकटादुकटा असेल तर दुसऱ्यांचे पर कुरतडतो. ८-१० च्या टोळीत तो बराचसा आपसातच गुंततो, तरीही गप्पी, एंजल, गौरामी यांच्यासारख्या लांब परांच्या, संथ माशांसोबत त्याला ठेवणं म्हणजे विंचवाला बिऱ्हाड देणं. फायटर आणि गौरामी एकाच घराण्यातले, म्हणून भाऊबंदकी अटळ. गोल्डफिशला थंड पाणी हवं, तो घाण भरपूर करतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. त्याची टाकी वेगळीच.

«शार्क» या नावाखाली तीन वेगळे मासे विकतात. लाल शेपटीचा काळा शार्क १२-१५ सेंटिमीटरचा होतो, पण भांडखोर; टाकीत एकच ठेवायचा आणि तोही संथ माशांसोबत नाही. बाला शार्क फूटभर वाढतो. आणि चंदेरी «बेबी शार्क» म्हणजे मासळीबाजारात कापून मिळणारा पंगासच, जो मीटरभराच्याही पुढे जातो. तो कोणत्याच घरगुती टाकीतला नव्हे.

काच साफ करायला म्हणून दिला जाणारा सकर हाही तसाच. फूट-दीड फुटाचा होतो, स्वतःच टाकीतली सगळ्यात जास्त घाण करतो आणि मोठेपणी रात्री चपट्या, संथ माशांच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडतो. शेवाळ खाणारा हवाच असेल तर ब्रिसलनोज घ्या, तो १२ सेंटिमीटरच्या आसपास थांबतो. मोठा झालेला सकर परत घेणारा दुकानदार शोधा. इंदूरच्या सिरपूर तलावात नेऊन सोडू नका: त्या तलावाला २०२२मध्ये रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला आहे, आणि सकर एकदा रुजला की स्थानिक माशांची अंडीच शिल्लक ठेवत नाही.

आता आतल्या मंडळींबद्दल. डॅनिओ वरच्या थरात सतत धावतात. आठाहून कमी ठेवले तर हीच धावपळ दुसऱ्यांच्या पाठीमागे लागण्यात जाते. टाकीवर झाकण हवंच, उडी मारतात. प्लॅटीत एका नरामागे दोन-तीन माद्या हव्यात, नाहीतर नर एकाच मादीला पिदडतात. पिल्लं दर महिन्याला होतात. ती वाचवण्याच्या भरीस पडू नका. दाट झाडीत एखाददुसरं जगतं, बाकी डॅनिओ फस्त करतात आणि संख्या आपोआप आटोक्यात राहते. मन घट्ट करावं लागतं, पण १३० लिटरमध्ये दुसरा उपाय नाही.

पर्ल गौरामी हे या टाकीचं सौंदर्य, आणि कच्चा दुवाही तेच. ते संथ खातात आणि जोरदार प्रवाह त्यांना सोसत नाही. उलट डॅनिओंना प्रवाह आवडतो. तोड अशी: ताशी ६००-८०० लिटरचा फिल्टर एका टोकाला लावायचा, त्याचं तोंड मागच्या काचेकडे वळवायचं आणि दुसऱ्या टोकाला तरंगणारी झाडं दाट ठेवायची. खाद्यही तसंच विभागायचं. प्रवाहाच्या टोकाला आधी फ्लेक्स टाकून डॅनिओंना गुंतवायचं, मग झाडांखाली गौरामींना द्यायचं, आणि दिवा बंद केल्यावर कोरींसाठी बुडणाऱ्या गोळ्या. कोरी उरलंसुरलं खाऊन जगतात ही समजूत सोडा. वेगळं दिलं नाही तर पोट खपाटीला जातं. प्लॅटीला आठवड्यातून एकदा उकडलेला पालक.

कोरींसाठी तळाला बांधकामाची नर्मदेची बारीक रेती चालते. पाणी नितळ निघेपर्यंत धुवायची. आधी थोड्या रेतीवर व्हिनेगर टाकून पाहा. फेस आला तर त्यात चुन्याचे तुकडे आहेत, ती नको. आणि कोरी जाळीने पकडू नका, परांचे काटे जाळीत अडकतात. प्लॅस्टिकच्या डब्याने पकडा.

तापमानात सगळ्यांची गाठ पडते ती २४ ते २६ अंशांवर. थंडीत १५० वॉटचा हीटर २४वर लावून ठेवला की पुरतो. खरी कसोटी मे महिन्यात. पाणी ३१-३२ अंशांवर गेलं की ऑक्सिजन घटतो. आधी डॅनिओ आणि कोरी धापा टाकतात, तर पृष्ठभागावरची हवा घेऊ शकणारी गौरामी निवांत असते. झाकण काढून जाळी लावायची आणि छोटा पंखा पाण्यावर तिरका सोडायचा. माळव्याच्या कोरड्या हवेत पाणी २-३ अंशांनी उतरतं, मात्र रोज दीड-दोन लिटर उडून जातं. ही भर आरओच्या पाण्याने करा. क्षार उडत नाहीत, त्यामुळे बोरिंगच्या पाण्याची भर घालत राहिलात तर जडपणा चढतच जातो. जुलैत हवा दमट झाली की हा पंखा फारसा उपयोगाचा नाही, पण तोवर गरजही उरत नाही.

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलतो. नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, म्हणून बादल्यांत भरून रात्रभर एअर पंप सोडला की क्लोरीन निघून जातं. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा अँटी-क्लोरीनचे थेंबही घालावेत. इन्व्हर्टरवर दुसरं काही नसलं तरी स्पंज फिल्टरचा एअर पंप ठेवाच, ३ ते ५ वॉटच लागतात. त्या पंपाजवळ डासांची कॉइल किंवा लिक्विड मशीन लावू नका. पंप तीच हवा पाण्यात ओढतो आणि त्यातलं औषध माशांना फार विषारी असतं.

आजारात औषधही सगळ्यांना एकत्र सोसलं पाहिजे, हा जुळणीचा निकष फारसा कुणी लावत नाही. पांढरे ठिपके आले तर दोन दिवसांत हळूहळू पाणी ३० अंशांवर नेऊन हवा वाढवायची आणि दहाएक दिवस तसंच ठेवायचं. ते या चौघांना सोसतं. मीठ प्लॅटीला मानवतं, कोरीला नाही, म्हणून लिटरमागे १ ग्रॅमच्या पुढे जायचं नाही. तांब्याची औषधं या टाकीत नकोतच.

गौरामीऐवजी रोझी बार्ब घेता येतील का? येतील, ८ घ्या. थंडीत हीटरही कमी लागेल, पण मऊ पानांची झाडं कुरतडली जातील. दोन्ही एकत्र मात्र नकोत, बार्बांच्या धुमाकुळात गौरामी झाडांमागून बाहेरच येत नाही. आणि टाकी दोन फुटी असेल तर गौरामी आणि बार्ब दोन्ही वगळा: ६ प्लॅटी आणि ६ कोरी, एवढंच. डॅनिओंना धावायला दोन फूट पुरत नाहीत.