स्काऊटचे उन्हाळी शिबिर: चूल मुलांच्या हातात असेल तरच पाठवा

एप्रिल उजाडला की उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. साहस, संस्कार, व्यक्तिमत्त्व विकास, सगळे एका आठवड्यात. या गर्दीत भारत स्काऊट आणि गाईडच्या पथकाचे चार-पाच दिवसांचे निवासी शिबिर साधेसुधेच दिसते. तरी दहा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी आम्ही त्याचीच शिफारस करू, फक्त एका अटीवर. शिबिर संघपद्धतीने चालले पाहिजे.

संघात सहा ते आठ मुले, त्यांच्यातलाच एक संघनायक आणि एक उपसंघनायक. तंबू त्यांचा, शिधा त्यांचा, चूल त्यांची आणि कचऱ्याचे खड्डेही त्यांचेच. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, तेव्हा वीसेक मुलांचे चार संघ पाडले होते, आणि श्रीमंतांच्या शाळांतली मुले व कामगारवस्तीतली मुले मुद्दाम एकत्र मिसळली होती. चांगला स्काऊटमास्तर, म्हणजे पथकाचा प्रमुख शिक्षक, आजही तेच करतो. एकाच वर्गातल्या जिवलग मित्रांचा संघ करून दिला तर सोय होते, पण शिबिराचा अर्धा फायदा तिथेच जातो.

हल्ली काही शिबिरांत आचारी बोलावून दोन वेळचे जेवण एकत्र बनवतात. मुले ताट घेऊन रांगेत उभी राहतात. वेळ वाचतो हे खरे, पण मग संघाला दिवसभर करायला खरे काम उरत नाही. लाकूड कोणी आणायचे, कणीक कोणी मळायची, मीठ विसरले तर शेजारच्या संघाकडे मागायला कोणी जायचे, यातूनच संघ घडतो. दिवसातले निदान एक जेवण संघाच्या चुलीवर होत नसेल, तर ती सहल आहे असे समजावे.

बिनभांड्याचा स्वयंपाक हा शिबिरातला मुलांचा सगळ्यात आवडता प्रकार, आणि सगळ्यात जास्त बिघडणाराही. चूक जवळजवळ नेहमी एकच असते: घाई. ज्वाळा दिसल्या की मुले पदार्थ आत ढकलतात. ज्वाळेवर सगळे वरून काळे आणि आतून कच्चे राहते. आधी लाकडे जळून निखारे होऊ द्यावे लागतात. बटाटा ओल्या मातीत बोटभर जाड लिंपून निखाऱ्यात पुरला की पाऊण ते एक तासात भाजतो. माती तडकून सुटते तेव्हा साल तिच्यासोबतच निघते. कणीक घट्ट मळून तिची लांब वळी करायची, ती ओल्या काडीभोवती गुंडाळायची आणि निखाऱ्यावर धरून फिरवत राहायचे. सैल मळली तर ती घसरून राखेत पडते. कांदा अर्धा कापून आतले पदर काढले की त्या वाटीत अंडे फोडून शिजवता येते. अख्खे अंडे ठेवायचे असेल तर टाचणीने बारीक भोक पाडावे, नाहीतर ते फुटते. दोन गोष्टी मात्र शिक्षकांनी स्वतः तपासल्याच पाहिजेत. काडी कण्हेरीची नको, ती विषारी असते. आणि चुलीला नदीतले ओले दगड नकोत, कारण आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. मे महिन्यात गवत वाळून कोळ झालेले असते, म्हणून चुलीभोवतीची दोन मीटर जागा खरवडून मोकळी करायची आणि पाण्याची बादली भरून जवळ ठेवायची. ही बादली दिसली नाही तर शिबिरप्रमुखांना तिथल्या तिथे विचारावे.

चुलीपासून थोड्या अंतरावर दोन खड्डे असतात, सुका आणि ओला. ओल्या खड्ड्यावर काटक्यांची जाळी आणि तिच्यावर गवत पसरतात. खरकटे पाणी त्यातून गाळले जाते, तेलकटपणा गवतावर अडकतो. ते गवत रोज जाळून नवे घालायला हवे. तिसऱ्या दिवशी माश्या घोंघावत असतील तर गवत बदललेले नाही, हे उघड आहे. सकाळच्या तपासणीत परीक्षक आधी इथेच येतात. दिवसाचा मानाचा झेंडा कोणत्या संघाच्या तंबूवर लागणार, हे तंबूतल्या घड्या घातलेल्या चादरींपेक्षा या खड्ड्यांवरून जास्त कळते.

दोरकामात गाठीपेक्षा बांधणी महत्त्वाची, कारण मुले तिच्यावर चढतात. चौकोनी लॅशिंग, म्हणजे काटकोनात ठेवलेल्या दोन काठ्यांची बांधणी, असे: उभ्या काठीवर, आडव्या काठीच्या लगेच खाली क्लोव्ह हिच, म्हणजे काठीला दोरी अडकवणारी दोन वेढ्यांची गाठ. दोरीचे उरलेले टोक मूळ दोरीला पिळून घ्यायचे. मग दोन्ही काठ्यांभोवती तीन घट्ट वेढे, आणि त्यानंतर दोन काठ्यांच्या मधून, त्याच वेढ्यांना आवळणारे दोन फेरे. शेवट आडव्या काठीवर क्लोव्ह हिचने. काठ्या बांधून केलेला मनोरा डुलतो तो बहुधा या मधल्या दोन फेऱ्यांमुळे. मुले ते नुसते गुंडाळतात, प्रत्येक फेऱ्याला ओढून बसवत नाहीत. सुती दोरी असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दवाने किंवा वळवाच्या सरीने ती आकसते, म्हणून तंबूचे ताण झोपण्यापूर्वी किंचित सैल करायचे, नाहीतर पहाटेपर्यंत खुंट्या उपटतात.

गळ्यातला स्कार्फ शोभेचा नाही. उलगडला की तो त्रिकोणी पट्टी होतो आणि मोडलेल्या हाताची झोळी बनतो. झोळीची रीफ नॉट, म्हणजे दोन टोके जोडणारी सपाट गाठ, गळ्याच्या हाडाजवळच्या खोलगट भागात बसली पाहिजे. मागे मानेच्या मणक्यावर आली तर टोचते. दोन काठ्या आणि बटणे लावलेले दोन शर्ट यांचा स्ट्रेचर दोन मिनिटांत होतो, पण त्यावर आधी धडधाकट मुलाला झोपवून उचलून बघायचे. चांगल्या शिबिरात हे न सांगता होते.

शिट्टीची भाषा पहिल्या दिवशी पक्की करून घेतात. एक लांब शिट्टी म्हणजे गप्प, लक्ष द्या. लागोपाठ छोट्या शिट्ट्या म्हणजे जवळ या. तीन छोट्या आणि एक लांब म्हणजे फक्त संघनायक या. हे शेवटचे नीट चालत असेल तर शिबिर ठीक आहे, कारण सूचना संघनायकांमार्फतच जातात. स्पीकरवरून सगळ्यांना एकदमच ओरडून सांगितले जात असेल, तर संघनायक नावापुरते उरले आहेत.

शेकोटीबद्दल आम्ही आग्रही आहोत. सुरुवात गोंगाटाच्या गाण्यांनी, आरोळ्यांनी आणि टाळ्यांच्या प्रकारांनी. मग प्रत्येक संघाची नाटुकली. आग खाली बसत जाईल तशी शांत गाणी, आणि शेवटी प्रार्थना. हा उतार पाळला की मुले शांतपणे झोपायला जातात. मोबाईलला स्पीकर जोडून सिनेमाच्या गाण्यांवर नाच सुरू झाला की हा उतार मोडतो, आणि रात्री बारापर्यंत तंबूंत दंगा चालतो.

पुरस्कारांबाबत पालकांची समजूत फार गोंधळलेली दिसते. क्रम असा आहे: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, आणि सर्वांत वर राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक पायरीसाठी ठरावीक महिन्यांचे काम, प्रावीण्य बॅज आणि लॉगबुक लागते. राज्य पुरस्कारासाठी वेगळे चाचणी शिबिर असते. उन्हाळी शिबिरात फार तर एखाद्या सोपानाच्या गाठी, प्रथमोपचार, मागखुणा (वाटेवरच्या खुणा ओळखत जाणे), हाईक (पायी भटकंती) अशा चाचण्या होतात. एका आठवड्यात राष्ट्रपती पुरस्काराची तयारी करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. शिबिरातला खरा सोहळा दीक्षाविधीचा. नवा मुलगा तीन बोटांची खूण करून वचन घेतो, त्याला स्कार्फ घालतात आणि सगळे डाव्या हाताने हस्तांदोलन करतात. हा विधी घाईने, पन्नास मुलांचा एकदम उरकलेला आम्हाला पटत नाही. संघागणिक घ्यावा, पाच-सहा मुले पुढे बोलवावीत, प्रत्येकाला वचन पाठ असावे.

सामानात नवे काही नको, विशेषतः बूट. नव्या बुटांनी पहिल्याच हाईकला फोड येतात. दोन जोड सुती मोजे, टोपी, टॉर्च, ताट-वाटी-पेला, स्वतःची तीन मीटर दोरी आणि दोन लिटरची पाण्याची बाटली पुरे. नियमित औषधे असतील तर वेळा कागदावर लिहून मास्तरांच्या हातात द्यावीत, मुलाच्या पिशवीत नाहीत. मुलींच्या शिबिरात गाईड कॅप्टन, म्हणजे पथकाच्या प्रमुख शिक्षिका, रात्रीही मुक्कामी असल्याची खात्री करून घ्यावी.

नाव नोंदवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. एका संघात किती मुले? स्वयंपाक कोण करणार? दुपारी बारा ते चार काय ठेवले आहे? उन्हाच्या त्या चार तासांत मैदानावर संचलन ठेवले असेल तर नाव देऊ नका. सावलीत गाठी, प्रथमोपचार, नकाशा-होकायंत्र असेल तर निर्धास्त पाठवा.